बिल थोडं, देणं फार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जपानच्या आरोग्य विम्याचं कौतुक करणारे बहुतेक जण रुग्णालयाच्या बिलापाशीच थांबतात. मी सैतामात अकरा वर्षं नोकरी करते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यापुढचा हिशेब कळला.

बिलाबद्दल तक्रार नाहीच. खर्च झाला सात लाख येन. त्यातला ३० टक्के वाटा आपला, म्हणजे दोन लाख दहा हजार. पण उत्पन्नानुसार महिन्याला कमाल मर्यादा असते, म्हणून मी भरले ८४,४३०, जेवणाचे वेगळे. (ही मर्यादा ऑगस्ट २०२५ पासून वाढणार होती. रुग्णांच्या संघटनांनी ओरड केली, तेव्हा त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने ती वाढ थांबवली.) मेख अशी की हिशेब एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा. मला भरती व्हायचं होतं २८ तारखेला. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाई हळूच म्हणाल्या, "चार दिवस ढकला, नाहीतर खर्च दोन महिन्यांत विभागून जास्त भराल." अधूनमधून कळ येत होती, तरी ढकललं.

भरतीच्या अर्जावर बिलाच्या हमीदाराचा रकाना. हमीदार नाही एवढ्यावरून रुग्णाला नाकारू नका, असं आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्येच कळवलंय. पण रकाना आहे तो आहेच. माझं इथे नात्याचं कुणी नाही. सत्तरीच्या घरमालकीणबाईंपुढे कागद धरताना मान वर होईना.

आजारपणाची वेगळी पगारी रजा द्यायलाच हवी, असा इथे कायदा नाही. म्हणून जो तो वार्षिक रजा आजारपणासाठी साठवतो. नोकरदाराला चौथ्या दिवसापासून विम्यातून पगाराच्या दोन-तृतीयांश भत्ता मिळतो, तोही दीड वर्षापर्यंत. आमच्या इमारतीत घरी शिवणकाम करणाऱ्या बाईंचा विमा नगरपालिकेचा, त्यात सहसा हा भत्ता नसतो. त्या ताप अंगावर काढतात.

मग पाकिटं. ऑफिसातल्या सात जणांनी 'ओमिमाई' म्हणून, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस म्हणून, पैसे दिले. बरं झाल्यावर त्याच्या साधारण निम्म्या-तिसऱ्या हिश्श्याची परतभेट द्यायची, तीही वापरून संपणारी, म्हणजे आजारही मागे उरत नाही. टाके ओढत असताना मी जमिनीवर बसून साबणाचे सात डबे कागदात गुंडाळले. माया खरीच होती, पण वहीत प्रत्येकाचं नाव आणि आकडा लिहून ठेवावा लागला.

कामावर रुजू झाले त्या दिवशी बिस्किटांचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी वाकले: "मेइवाकु ओ काकेमाशिता", तुम्हाला त्रास दिला. पित्ताशय माझं, कळा माझ्या, आणि माफीही मीच मागायची!

आज सकाळपासून शेजारच्या त्या बाई मास्कमध्ये खोकतायत. घरी जा म्हटलं, तर म्हणाल्या, "रजा तीनच उरल्यात. सासूबाईंच्या आजारपणासाठी ठेवल्यात."

– एक वाचक, सैतामा (जपान)