जादूगाराच्या पोथीबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र पोहोचलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात तू स्वतः डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि खेळ चालवणारा) म्हणून बसणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. एक खेळाडू विझार्ड, म्हणजे अभ्यासू जादूगार, घेतोय, आणि त्याच्या स्पेलबुकचा, म्हणजे मंत्रांच्या पोथीचा, हिशोब ठेवणं कटकटीचं वाटतं म्हणून ते काढूनच टाकावं, मंत्रांची यादी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, असली की पुरे, असं तू लिहिलंयस. त्यावर माझं सविस्तर मत मागितलंस म्हणून हे लांबलचक पत्र.

पोथी काढू नकोस. खेळात जादू करणारी आणखीही पात्रं आहेत: सॉर्सररची जादू त्याच्या रक्तात असते, क्लेरिकची त्याच्या देवाकडून येते. विझार्डची विद्या मात्र त्याच्या शरीराबाहेर, एका वस्तूत असते. ती भिजते, जळते, चोरीला जाते, आणि दुसऱ्याची पोथी हाती लागली तर वाढते. हे सगळं काढलंस तर उरतो तो जरा लांब यादीचा सॉर्सरर. आणि त्या खेळाडूने विझार्ड निवडलाय तो काही उगाच नाही.

तुझी कटकटीची तक्रार मला समजते. जुन्या आवृत्त्यांनी पोथीचा छळवादच मांडला होता. एडी अँड डी या जुन्या आवृत्तीमध्ये नवा मंत्र शिकायला टक्केवारीचा फासा टाकावा लागे. १८ बुद्धिमत्ता असली तरी शक्यता ८५ टक्केच. साडेतीन (३.५) आवृत्तीत मंत्राच्या लेव्हलइतकी, म्हणजे पातळीइतकी, पानं, आणि पानामागे १०० गोल्ड, म्हणजे खेळातली सोन्याची नाणी. म्हणजे फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा आगीच्या गोळ्याचा मंत्र उतरवून घ्यायला ३००. बाकीचे चिलखतं आणि तलवारी घेत, तेव्हा विझार्ड शाईत पैसे ओतत बसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हे बरंच सुसह्य केलं: सुरुवातीला पहिल्या लेव्हलचे ६ मंत्र, पुढे पात्राच्या स्वतःच्या प्रत्येक लेव्हलला २ फुकट, आणि बाहेर सापडलेला मंत्र उतरवायला त्याच्या प्रत्येक लेव्हलमागे २ तास व ५० गोल्ड. फायरबॉलचे ६ तास, १५० गोल्ड. हे दर मी तसेच ठेवतो. टक्केवारी मात्र चुकूनही परत आणू नकोस. महिनाभर शोधून मिळवलेला मंत्र एका फाशावर कायमचा गेला तर खेळाडू पुढच्या वेळी शोधायलाच जात नाही.

एक जुनी गोष्ट मात्र मी आवर्जून परत आणली आहे, ती म्हणजे पानं. पाचव्या आवृत्तीतही पोथी १०० पानांचीच आहे, पण एका मंत्राला किती पानं हे कुठे सांगितलेलं नाही. मी लेव्हलइतकी पानं धरतो. कँट्रिप (कितीही वेळा म्हणता येणारे किरकोळ मंत्र) पोथीत नसतातच, त्यामुळे ती मोजायची नाहीत. आता गंमत बघ. खेळाडू दर वेळी जमेल तितका वरचा मंत्र घेत गेला, तर बाराव्या लेव्हलला नुसत्या फुकटच्या मंत्रांची ८८ पानं होतात आणि तेराव्याला १०२. शोधून आणलेले मंत्र धरले तर पोथी त्याच्या बरीच आधी भरते. मग दुसरा खंड येतो, आणि त्यासोबत खरा प्रश्न: मोहिमेवर कोणता न्यायचा? एरवी विझार्डला त्या दिवसाचे मंत्र आधी निवडून तयार करावे लागतात; रिच्युअल मंत्र, म्हणजे सावकाश विधीसारखे म्हणता येणारे, तसे तयार न करता थेट पोथीतून म्हणता येतात, पण त्यासाठी पोथी जवळ हवी. त्यामुळे रिच्युअलचा खंड घरी ठेवणारा विझार्ड आणि तो सतत उराशी बाळगणारा विझार्ड ही दोन वेगळी माणसं ठरतात. एवढा स्वभाव एका साध्या बेरजेतून मिळतो! हिशोब खेळाडूच ठेवतो, तुला काही करावं लागत नाही.

लेव्हल चढल्यावर मिळणारे २ मंत्र हा त्या क्लासचा, म्हणजे पात्राच्या प्रकाराचा, हक्क आहे, त्याला हात लावू नकोस. मी फक्त एक लेव्हल आधी विचारून ठेवतो की पुढे कोणते घेणार. उत्तर कळलं की त्या मंत्राची चाहूल कथेत आधीच पेरता येते.

खर्चाबाबत एक सावधगिरी. शाईसाठी लागणारं साहित्य मोहिमेत सापडू दे, जसं की ड्रॅगनच्या खवल्याची राख किंवा भुताच्या कबरीवरचं शेवाळ. पण ते ठरावीक गोल्डच्या किमतीचं धर, सरसकट अर्ध्या खर्चाची सवलत देऊ नकोस. २०१४ च्या नियमांत विझार्ड जादूच्या ज्या शाखेचा असेल त्या शाखेचे मंत्र त्याला अर्ध्या वेळात आणि अर्ध्या खर्चात उतरवता येतात. तीच सवलत सगळ्यांना वाटलीस तर त्याच्या शाखेला काही किंमत राहत नाही.

स्क्रोलवरून (एकच मंत्र लिहिलेल्या गुंडाळीवरून) उतरवताना अर्काना चेक, म्हणजे जादूच्या ज्ञानाची फाशावरची परीक्षा, लागतो; त्यात १० अधिक मंत्राची लेव्हल इतका आकडा गाठावा लागतो, आणि तो चेक जमो वा फसो, स्क्रोल नष्ट होतो. फसल्यावरही नष्ट होणं मला पटत नाही. माझ्याकडे फसला तर स्क्रोल शाबूत राहतो, वापरता येतो, पण तोच मंत्र उतरवायचा पुढचा प्रयत्न लेव्हल चढल्यावर.

आता माझा सगळ्यात लाडका नियम. शत्रूची पोथी सापडली की नुसती मंत्रांची यादी हातात ठेवू नकोस, समासातल्या नोंदीही दे. प्रत्येक विझार्डची लिहायची पद्धत स्वतःची असते आणि ती उलगडण्यात त्या तासांतला काही वेळ जातो, असं मूळ नियमही मानतात. मग त्या तासांत त्याला काय दिसलं ते सांग की! एखादा मंत्र रागाने खोडलेला. एकाच नावाचं आद्याक्षर पुन्हा पुन्हा. फायरबॉलशेजारी लिहिलेलं, ‘गोठ्याजवळ कधीच नाही’. मी मंत्रावर आधीच्या मालकाची एक खूणही ठेवतो: मेलेल्या नेक्रोमॅन्सरच्या (मृत्यूशी खेळणाऱ्या जादूगाराच्या) पोथीतून घेतलेल्या मंत्राची ढाल जरा हिरवट दिसते, एवढंच. नुकसान किंवा चेक यांत त्याने काहीही बदलत नाही. पण पुढे त्या नेक्रोमॅन्सरचा शिष्य भेटला आणि त्याने तो हिरवा रंग ओळखला, तर अख्खं सत्र त्यावर उभं राहतं. खेळाडू अशा पोथ्यांसाठी धोका पत्करतात, कारण त्यांत माणूस सापडतो.

पोथी जाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण वेळ येणारच. मी खेळाडूला सुरुवातीलाच शब्द देतो: तू स्वतः पोथी पणाला लावल्याशिवाय ती नष्ट होणार नाही. नियमही त्याच बाजूने आहेत. फायरबॉल पेट घेणाऱ्या वस्तू जाळतो खरा, पण अंगावर किंवा हातात असलेल्या नाही. झोळीतली पोथी वाचते, टेबलावर उघडी टाकलेली जाते. गेलीच तरी तयार केलेले मंत्र डोक्यात असतात आणि तेवढे नव्या पोथीत लिहिता येतात. स्वतःच्या पोथीची दुसरी प्रत करायला लेव्हलमागे १ तास आणि १० गोल्ड लागतात. त्या ८८ पानांच्या पोथीची प्रत म्हणजे ८८० गोल्ड आणि रोज ८ तास बसलं तर ११ दिवस. मोहिमांच्या मध्ये तेवढे दिवस तू त्याला मोकळे द्यायला हवेस, नाहीतर हा नियम कागदावरच राहील. चोरी झाली तर मात्र चोराचा माग नक्की ठेव. चोरलेली पोथी शोधायला सगळी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, उत्साहाने निघते, जळलेल्या पोथीचं कुणी काही करू शकत नाही.

पहिल्या सत्राआधी हे सगळं त्या खेळाडूला एका पानावर लिहून दे आणि त्याची संमती घे. आणि मला कळव, त्याने पहिले ६ मंत्र कोणते घेतले आणि ते कुणाकडून शिकला म्हणतो. गुरू अजून ठरला नसेल, तर त्या गुरूच्या पोथीतल्या समासातल्या नोंदी मी लिहून पाठवतो.

तुझा,
जुना सवंगडी