एव्हरेट, आणि तुझी परत आलेली कथा

चि. प्रज्ञा,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझी कथा परत आल्याचं आईकडून कळलं. संपादकांचं पत्र तू व्हॉट्सॲपवर पाठवलंस, तेही वाचलं. भाषा गोड आहे हो त्यांची. कथा नेटकी आहे, पण यात ‘तुमचं’ असं काही जाणवत नाही; तुमच्या समाजाचं, सोसण्याचं काही लिहिलंत तर दिवाळी अंकात आवर्जून घेऊ. म्हणजे तुझ्या कथेतली, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर रात्रपाळी करणारी इंजिनिअर मुलगी आपली नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आडनाव बघून ठरवलं, दुसरं काय! मी तिथल्या तिथे फोन लावणार होतो, आईनं अडवलं.

फोन राहिला, पण एका माणसाची ओळख करून देतो. पर्सिव्हल एव्हरेट. अमेरिकन कादंबरीकार, कृष्णवर्णीय. निवृत्तीनंतर ज्या काही लेखकांच्या मागे लागलो, त्यातला हा सगळ्यात तऱ्हेवाईक. जन्म १९५६चा, वाढला साउथ कॅरोलिनात. वडील दंतवैद्य. शिकला तत्त्वज्ञान, मग ब्राउन विद्यापीठात लेखन. आता लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात प्राध्यापक आहे. घोडे-खेचरं वळवणं, मासे पकडणं, चित्रं काढणं, गिटार वाजवणं, सगळं करून झालंय. वीसच्या वर कादंबऱ्या, आणि एक दुसरीसारखी नाही.

पहिली ‘सूडर’, १९८३ची. फॉर्म हरवलेला बेसबॉल खेळाडू घर सोडून निघतो आणि वाटेत त्याच्या गळ्यात एक हत्ती पडतो! पुढे कधी वेस्टर्न, कधी ग्रीक पुराणातली मिडिया, कधी बोलायला नकार देणारं पण तत्त्वज्ञान कोळून प्यालेलं तान्हं बाळ. सिडनी पॉइटिए हा हॉलिवूडचा गाजलेला कृष्णवर्णीय नट; एका नायकाचं नावच ‘नॉट सिडनी पॉइटिए’, म्हणजे ‘सिडनी पॉइटिए नाही’, त्यामुळे कुणी नाव विचारलं की भांडण ठरलेलं. अशा माणसाला पुस्तकाच्या दुकानात कोणत्या फळीवर ठेवणार? मोठ्या प्रकाशकांनाही तो प्रश्न पडला असावा. बरीच वर्षं त्याची पुस्तकं मिनिॲपोलिसच्या ग्रेवुल्फ या ना-नफा तत्त्वावरच्या छोट्या प्रकाशनानं काढली. जाणकार वाचायचे, बाकीच्यांना पत्ताच नव्हता.

तुला आधी वाचायचंय ते ‘इरेशर’, २००१चं. नायक थेलोनियस एलिसन, घरचे त्याला मंक म्हणतात. प्राध्यापक आहे, घराणं डॉक्टरांचं, लाकूडकामाचा नाद. एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या नाटकावर कादंबरी लिहितो, तर समीक्षकाला कळेना की याचा आफ्रिकन-अमेरिकन अनुभवाशी संबंध काय. ओळखीचं वाटतंय ना? एकदा तो दुकानात जातो, तर त्याची पुस्तकं कादंबऱ्यांत नाहीतच, ‘आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास’ विभागात लावलेली. त्यांत कृष्णवर्णीय म्हणण्यासारखं काही असेल तर ते फक्त मागच्या पानावरचा लेखकाचा फोटो.

त्याच सुमारास झोपडपट्टीच्या भाषेत लिहिलेली, गोळीबार आणि कुमारी मातांनी भरलेली एक कादंबरी बेस्टसेलर होते. ‘अस्सल’ म्हणून सगळे माना डोलावतात. मंक चिडतो आणि खोट्या नावानं तसलंच एक भडक बाड खरडतो, चेष्टा म्हणून. एजंटला म्हणतो, पाठव हे. आणि प्रकाशक सहा लाख डॉलर पुढे करतो! इकडे आईची स्मृती चाललेली, बहिणीचा खून झालेला, पैशांची गरज. तो पैसे घेतो. पुढे ज्या पुरस्काराच्या समितीवर तो स्वतः असतो, तिथे तेच बाड पहिलं येतं. गंमत म्हणजे ते अख्खं बाड एव्हरेटनं कादंबरीतच छापलंय. वाचताना मी आधी खो खो हसलो, मग दहा-वीस पानांत हसू आटलं, कारण अशी पुस्तकं खरोखरच विकली जातात.

एक तक्रार मात्र आहे माझी. ती बेस्टसेलर कादंबरी लिहिणाऱ्या बाईची बाजू एव्हरेट ऐकूनच घेत नाही. ‘इरेशर’वर २०२३ साली ‘अमेरिकन फिक्शन’ हा सिनेमा निघाला, पुढच्या वर्षी त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. त्यात दिग्दर्शक कॉर्ड जेफरसननं त्या बाईला मंकसमोर बसवून चार शब्द बोलू दिलेत. ते मला जास्त न्यायाचं वाटलं. आपल्या लोकांनी आत्मकथनं लिहिली ती कुणाला खूश करायला नव्हे. ती लिहिली गेली नसती, तर मी हातात पेन धरलं नसतं. तुझ्या संपादकांवर माझा राग आहे तो वेगळ्या कारणासाठी. त्यांना दुःख हवंय, आणि तेही आपल्याकडूनच हवंय. बाकीच्यांनी दुर्बिणीवर लिहिलेलं चालतं.

आता तू म्हणशील, म्हणजे वर्णावर लिहायचंच नाही का? तर बघ, याच माणसानं २०२१मध्ये ‘द ट्रीज’ लिहिली. एमेट टिल हा चौदा वर्षांचा मुलगा १९५५ साली मिसिसिपीतल्या मनी या गावाजवळ मारला गेला. गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याचा आरोप होता. मारेकरी निर्दोष सुटले. त्या गावात आजच्या काळात एकामागून एक गोरे मरून पडतायत आणि प्रत्येक ठिकाणी एमेटसारखं दिसणारं एक प्रेत सापडतंय, जे शवागारातून पुन्हा नाहीसं होतं. विषय असा, आणि पुस्तक विनोदी आहे! दोन कृष्णवर्णीय पोलिस टवाळी करत तपास करतात. मग मध्येच पानंच्या पानं नुसती नावं. झुंडीनं मारलेल्या माणसांची. एक प्राध्यापक ती पेन्सिलीनं लिहून काढत असतो, पुढे खोडून त्यांना मोकळं करायचं म्हणून. मी ती पानं उलटून पुढे जाणार होतो, नाही जमलं. एकेक नाव वाचलं.

आणि २०२४ची ‘जेम्स’. मार्क ट्वेनचं ‘हकलबेरी फिन’ मी तुला सातवी-आठवीत वाचून दाखवलं होतं. त्यातला पळालेला गुलाम जिम. इथे गोष्ट तो स्वतः सांगतो. घरात तो शुद्ध, नेमकं इंग्रजी बोलतो, स्वप्नात व्हॉल्टेअर या फ्रेंच विचारवंताशी वाद घालतो. सुरुवातीलाच तो लहान मुलांना धडा देतो, गोऱ्यांसमोर अडाण्यासारखं कसं बोलायचं. बाईंच्या स्वयंपाकघरात आग लागलीय, कसं सांगाल? एक पोर म्हणतं, आग आग ओरडू. तसं नाही. नुसतं ‘अगं बया, तिकडं बघा’ एवढंच म्हणायचं, संकटाचं नाव त्यांना घेऊ द्यायचं. इतका हसरा आणि इतका जहरी प्रसंग मी फार दिवसांत वाचला नव्हता. तुझ्या आजोबांना पाटलाच्या वाड्यासमोर बोलताना मी ऐकलंय, आणि घरी बोलतानाही.

पुढे जेम्सला लिहायचं असतं. दुसरा एक गुलाम त्याच्यासाठी मालकाची पेन्सिल चोरतो, बोटभर तुकडा. त्यापायी त्याला फटके बसतात, आणि पुढे तर जीवच जातो. जेम्स तो तुकडा शेवटपर्यंत जपतो. यावर मी आणखी काही लिहीत नाही, तू वाच.

या पुस्तकाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, मग २०२५ मध्ये पुलित्झर. तेव्हा एव्हरेट अडुसष्ट वर्षांचा. १९८३पासून मोज. आणि या काळात त्यानं कुणाची मर्जी राखली नाही. १९८९ साली साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात भाषणाला बोलावलं होतं. तिथे गुलामगिरीवाल्यांचा कॉन्फेडरेट झेंडा होता. हा उभा राहिला आणि म्हणाला, तो झेंडा इथे असताना मला बोलता येणार नाही. झालं भाषण! नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी १९७२ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं. तिकडची आणि इकडची ओळख जुनीच आहे आपली.

तुझ्या कथेबद्दल. मास्तर आहे, लाल पेन सुटत नाही. कथा आहे तशीच दुसरीकडे पाठव, फक्त ती मजूर आजी काढ. दुर्बिणीच्या गोष्टीत तिचं काही काम नाही. ती तू संपादकांना आवडावं म्हणून घातलीस असा मला दाट संशय आहे. खरी असेल तर राहू दे, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

‘इरेशर’ आणि ‘जेम्स’ कुरिअरनं पाठवलीयत. ‘टेलिफोन’ मी ठेवून घेतलंय. आजारी मुलीच्या बापाची गोष्ट आहे, अजून पुरी झालेली नाही. त्या पुस्तकाच्या त्यानं तीन वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या, मजकुरात फरक असलेल्या, मुखपृष्ठं जवळजवळ सारखी, आणि वाचकांना आधी सांगितलंसुद्धा नाही! पुण्यात एखादी प्रत दिसली तर घेऊन ये, माझ्या प्रतीशी ताडून बघू. आई विचारतेय, दिवाळीला नक्की कधी येणार, रजेचं काय झालं?

तुझा,
पप्पा