सौरज्वाला मोजताना

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सौरज्वाला (सूर्यावरचे अचानक होणारे स्फोट) आणि सौरडागांचा तुझा आलेख पाहिला. ज्वालांचे क्ष-किरणांच्या तीव्रतेनुसार ए, बी, सी, एम, एक्स असे चढते वर्ग असतात; त्यांतल्या बी वर्गाच्या 2014 च्या आसपास कमी दिसतात म्हणून तू बुचकळ्यात पडलास, पण त्यात सूर्याचा दोष नाही. सूर्याच्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राच्या कमाल काळात सूर्याची क्ष-किरणांची नेहमीची पातळीच बी, कधीकधी सी वर्गापर्यंत चढते आणि लहान ज्वाला तिच्यात बुडतात. भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही, तसंच. म्हणून एम 1 आणि त्यावरच्याच मोज. दर वर्ग आधीच्याच्या दहापट, त्यामुळे एक्स 1 म्हणजे दहा एम 1.

दुसरी गोम आकड्यांत आहे. क्ष-किरण मोजणाऱ्या अमेरिकेच्या गोज मालिकेतल्या गोज-16 च्या आधीच्या उपग्रहांचे त्या वेळी जाहीर झालेले आकडे 0.7 ने गुणलेले असत. आजच्यांशी तुलना करायची तर त्यांना 0.7 ने भाग. 4 नोव्हेंबर 2003 ची एक्स 28 मग एक्स 40 होते (तोही अंदाजच, कारण तेव्हा संवेदक कमाल मर्यादेला जाऊन अडकले होते). सुधारून पुन्हा दिलेला डेटा उतरवला असशील तर मात्र भागू नकोस, नाहीतर दुरुस्ती दोनदा होईल.

सौरडागांच्या मासिक संख्येची रेघ 13 महिन्यांच्या सरासरीने काढ: मधल्या 11 महिन्यांना पूर्ण वजन, दोन्ही टोकांना अर्धं, बेरजेला 12 ने भाग. शेवटचे सहा महिने त्यामुळे कोरेच राहतील. शिखरं एप्रिल 2014 ला 116 आणि ऑक्टोबर 2024 ला 161 च्या आसपास यायला हवीत.

ज्वालांची संख्या या रेघेमागे बऱ्यापैकी चालते; 2018 आणि 2019 मध्ये तर जुन्या मापाने एम वर्गाची एकही नाही. मोठ्या ज्वाला मात्र हे वेळापत्रक पाळत नाहीत. डिसेंबर 2006 ची एक्स 9 आणि सप्टेंबर 2017 ची एक्स 9.3 (दोन्ही जुन्या मापाने) चक्र उतरणीला लागल्यावरच्या. विरुद्ध चुंबकीय ध्रुवता एकाच उपच्छायेत (डागाच्या फिकट कडेत) कोंबलेला डेल्टा प्रकारचा एखादा डाग पुरतो, मग बाकी सूर्य रिकामा का असेना. म्हणून महिन्यांचे स्तंभ काढ आणि एक्सचे ठिपके वेगळे टाक.

ज्वालेमुळे पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला शॉर्टवेव्ह रेडिओ क्षीण होतो; त्यावरच्या तुझ्या नोंदी जुळवताना ज्वालांच्या जागतिक (यूटीसी) वेळेत आधी साडेपाच तास मिळव. 14 मे 2024 ची एक्स 8.7 आपल्याकडे रात्री 10:21 ला झाली, तेव्हा आपल्याकडे अंधार असल्याने जवळच्या केंद्रांवर काही जाणवणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरची एक्स 9 संध्याकाळी 5:48 ची, सूर्य मावळतीला असताना. त्या दिवसाची नोंद असेल तर पाठव.

तुझा,
मकरंद