अण्णांचे मिग

नाशिक,
७ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये सुरू केलेले मिग-२१ या लढाऊ विमानाच्या एफएल प्रकाराचे मॉडेल परवा रात्री पूर्ण झाले आणि काल सकाळी मी ते अण्णांच्या हातात देऊन आलो. त्यामागची सगळी हकीकत तुला सविस्तर कळावी असे वाटले, म्हणून फोन न करता हे पत्र लिहीत आहे.

किट १:४८ प्रमाणातले आहे, म्हणजे ७.१५ मीटर पंखविस्ताराचे विमान जेमतेम पंधरा सेंटिमीटरांत मावते. आजवर मी केलेली बहुतेक विमाने हिरव्या-तपकिरी रंगांची होती आणि तसला रंग जोडकामातले पुष्कळ दोष पोटात घालतो. अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात रुजू झाले तेव्हा तिथे एफएल तयार होत होते; इंजिन कोरापुटहून यायचे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादहून, आणि सांगाडा आपल्या ओझरचा. ती विमाने उघड्या धातूच्या रंगाची असत, त्यामुळे अण्णांसाठी करायचे तर तसेच करायचे, हे माझे पहिल्यापासून ठरले होते. चंदेरी रंग मात्र काहीही झाकत नाही; कागदाच्या जाडीचा ओरखडासुद्धा त्यात दिसतो.

धड डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांत येते आणि ते चिकटवण्यापूर्वी कॉकपिट, पुढच्या चाकाची खोबण आणि इंजिनाची नळी आत बसवावी लागते. यांतले एक जरी केसभर वाकडे बसले तरी दोन्ही भाग मिटत नाहीत, म्हणून गोंद न लावता मी ते दहा-बारा वेळा तरी जुळवून पाहिले. शेपटीकडचा भार जास्त असल्याने मॉडेल मागे कलंडते. खऱ्या विमानात नाकाच्या ज्या शंकूत रडार असते, त्याच शंकूत मी मासे धरायच्या गळाचे शिसे भरले.

खरी परीक्षा पाठीवरच्या लांब सांध्याची होती. तो पुट्टीने भरून घासायचा, मग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून दोन हजारांपर्यंत चढत जायचे आणि या घासण्यात पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा सुईने पुन्हा कोरायच्या. चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा थर लागतो. तो दिला की बुजला असे वाटलेला सांधा पुन्हा दिसू लागतो. हे तीनदा झाले. चौथ्यांदा पाठ स्वच्छ निघाली, तर ऑगस्टच्या दमट हवेने घात केला. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतली वाफ धरते, त्यामुळे तो सुंदर काळा थर ताकासारखा पांढुरका झाला. सगळा रंग उतरवला आणि पाऊस संपेपर्यंत रंग फवारायच्या एअरब्रशला हात लावला नाही.

दसरा झाल्यावर अर्धवट धड घेऊन मी अण्णांकडे गेलो. चंदीगडला २६ सप्टेंबरला मिग-२१चा निरोप समारंभ झाला, तो त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. ते म्हणाले, “ती बायसन, म्हणजे नंतरची सुधारित मिग-२१, आमच्या विमानाची धाकटी भावंडं. आमची एफएल २०१३ सालीच गेली.” मग त्यांनी धड हातात घेतले, अंगठा पाठीवरून मागे नेला आणि पंखाच्या मागच्या कडेपाशी थांबवून विचारले, “इथला सांधा कुठे गेला?”

मित्रा, साच्याचा दोष समजून मी तोही भरून टाकला होता. अण्णांनी मला समजावले, की या विमानाचे इंजिन काढायचे तर धडाचा मागचा भाग तिथून सोडवून गाडीवर मागे ओढून घ्यावा लागतो. म्हणजे ती रेषा विमानाचीच, आणि ती ठळकच दिसली पाहिजे. किती बोल्ट, कोण कुठे उभे राहायचे, नवखा माणूस कोणती चूक करायचा, हे सांगताना त्यांचे हात हवेत काम करू लागले आणि काकू चहाचा कप धरून दारातच ऐकत राहिल्या. मी आजवर प्रत्येक सांधा मिटवायचाच असे धरून चाललो होतो. कोणता मिटवायचा आणि कोणता राखायचा, हे ज्याने ते विमान जोडले त्यालाच विचारायला हवे होते.

घरी येऊन धडाभोवती जाड टेप गुंडाळली आणि तिच्या कडेने ती रेषा पुन्हा कोरली. मग कमी दाबाने चंदेरी रंगाचे विरळ थर दिले. टेप लावून काही पत्रे थोडे गडद केले, आणि इंजिनाच्या तोंडाजवळ उष्णतेने येणारी तपकिरी-निळी झाक आणली. छत उघडे ठेवले आहे. एफएलचे छत पुढच्या बाजूला बिजागरी असलेले आहे आणि वैमानिक आसनासह बाहेर फेकला जाताना तेच वाऱ्यापुढे त्याची ढाल होते, हेही अण्णांनीच सांगितले. भगवा, पांढरा आणि हिरवा हे वर्तुळाकार चिन्ह शेवटी डिकॅलने, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्राने, उमटवले आणि ते चंदेरी अंगावर बसताच मला भरून आले.

काल अण्णांनी विमान उलटे करून पोट पाहिले, मग खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिले. “जमलंय,” एवढेच म्हणाले. तू जानेवारीत येशीलच. त्यांनी ते टीव्हीशेजारच्या फडताळात ठेवले आहे, नाक भिंतीकडे आणि तो सांधा आपल्या खुर्चीकडे करून.

काकूंनी तुला तब्येतीची काळजी घ्यायला सांगितले आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र