एकाच घरातल्या दोन संगणकांची ओळख करून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण आमच्या घरी येऊन गेल्यानंतर ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचा, मासिक अहवाल पेनड्राइव्हला हात न लावता तयार झाला आणि मागच्या खोलीतून दिलेली प्रिंट समोरच्या खोलीतल्या प्रिंटरमधून लगेच निघाली. फोनवर आपले आभार मानले होतेच, परंतु हे पत्र सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत आता एकाच घरात मुलांच्या अभ्यासाचा डेस्कटॉप आणि कामाचा लॅपटॉप असे दोन संगणक दिसू लागले आहेत. दोन्हींवर इंटरनेट उत्तम चालते आणि तरीही ते एकमेकांना दिसत नाहीत, ही अडचण अनेक घरांत आहे. तिच्यावर मिळणारा सल्ला मात्र बहुधा एकच असतो, तो म्हणजे संगणक फॉरमॅट मारण्याचा. आम्हालाही तोच मिळाला होता. बचत गटांच्या सगळ्या नोंदी ज्या संगणकात आहेत तो पुसून टाकण्याच्या विचारानेच माझा जीव दडपला होता.

आपण आलात आणि आल्याबरोबर कुठलीही सेटिंग बदलली नाहीत, याचे मला पहिल्यांदा आभार मानायचे आहेत. दोन्ही संगणकांवर काळी खिडकी उघडून आपण 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली आणि नेटवर्कमधल्या पत्त्याचे जे आकडे आले ते एका पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिलेत: समोरच्या डेस्कटॉपचा १९२.१६८.१.५ आणि मागच्या लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०३. तिसऱ्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढून आपण म्हणालात, "ताई, इथंच पाहा. एकाचा एक आहे, दुसऱ्याचा शून्य आहे." म्हणजे दोन्ही संगणक निरनिराळ्या नेटवर्कमध्ये होते. तो कागद मी वहीत जपून ठेवला आहे.

कारण आमच्या घरातच होते. समोरचा भाग जुन्या मातीच्या जाड भिंतींचा आहे, आणि तिथे लावलेल्या राऊटरचे वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून मागे केबल ओढून दुसरा राऊटर बसवलेला होता. रेंज आली, इंटरनेट आले, त्यामुळे कोणालाच काही वावगे वाटले नाही. परंतु तो दुसरा राऊटर नुसती रेंज वाढवत नव्हता, तर मागच्या खोलीत स्वतःचे निराळे नेटवर्क उभे करून स्वतःच पत्ते वाटत होता. विंडोजचे संगणक एकमेकांना शोधण्यासाठी जी हाक मारतात ती आपल्याच नेटवर्कपुरती असते आणि राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. दोन वावरांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, जसा, तसा हा राऊटर आहे, हे आपले म्हणणे माझ्या सासूबाईंनाही कळले. मागून पुढे इंटरनेटकडे जायला वाट आहे, पुढून मागे यायला नाही. म्हणूनच लॅपटॉपवरून समोरच्या राऊटरला 'पिंग' केल्यावर, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक दिल्यावर, उत्तर येत होते आणि डेस्कटॉपवरून लॅपटॉपला केल्यावर काहीच येत नव्हते.

दुरुस्ती करताना आपण पाळलेला क्रम इतरांच्याही उपयोगाचा आहे. आधी मागच्या राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, मग त्यातले पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केले आणि त्यानंतरच केबल 'वॅन' लिहिलेल्या (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) खाचेतून काढून 'लॅन'च्या (घरच्या संगणकांच्या) खाचेत घातली. केबल आधी हलवली असती तर एकाच नेटवर्कमध्ये दोघे जण पत्ते वाटत बसले असते आणि गोंधळ वाढला असता. राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड', म्हणजे नुसती रेंज वाढवण्याची सोय, असेल तर हे सगळे एका बटणावर होते. आमच्या जुन्या राऊटरमध्ये ते नव्हते.

पत्ते जुळले तरी डेस्कटॉप दिसेना, तेव्हा मी निराश झाले होते. आपण मात्र शांतपणे पुढच्या पायरीवर गेलात. दोन्ही संगणकांनी घरच्या वायफायला 'पब्लिक' समजून स्वतःला झाकून घेतले होते. बसस्टँडवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायसाठी ती सोय योग्यच आहे, पण घरात ती 'प्रायव्हेट' करावी लागते आणि त्यासोबत 'नेटवर्क डिस्कव्हरी' (एकमेकांना दिसण्याची सोय) व फाइल-प्रिंटर शेअरिंग सुरू करावे लागते. डेस्कटॉपवरची 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही संगणकाची ओळख नेटवर्कवर जाहीर करणारी सेवा थांबलेली होती, तीही आपण आपोआप सुरू होईल अशी करून दिलीत. बाहेरच्यांना आत येण्यापासून अडवणारी फायरवॉल पूर्ण बंद करून टाका, असे आम्हाला आधी कोणी सांगितले होते. आपण ती एका क्षणासाठीही बंद केली नाहीत.

माझ्या मुलाने व्हिडिओ पाहून 'होमग्रुप' ही घरातले संगणक जोडण्याची विंडोजची जुनी सोय शोधण्यात बराच वेळ घालवला होता. ती सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ सालीच विंडोज १० मधून काढून टाकली, हे आपण सांगितल्यावर त्याला हायसे वाटले. फाइल शेअर करण्याची जुनी 'एसएमबी १' पद्धत चालू करण्याचा सल्लाही त्याला मिळाला होता. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले 'वॉनाक्राय' हे फाइल्स ओलीस धरणारे सॉफ्टवेअर याच पद्धतीतल्या दोषातून संगणकांत शिरले होते आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच बंद ठेवलेली असते, हे आपण त्याला समजावलेत. नको ते सोपे उत्तर आपण का नाकारता, हे त्या पोराला कळले, याचे मोल मला फार वाटते.

शेवटची अडचण पासवर्डची होती आणि ती माझ्या एकटीच्याने कधीच सुटली नसती. डेस्कटॉप दिसू लागला, पण उघडताना नाव आणि पासवर्ड मागू लागला, आणि आम्ही रोज वापरतो तो चार आकडी पिन काही घेईना. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि पासवर्डच नसलेले खाते विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, हे आपण सांगितलेत. मग डेस्कटॉपवर हिशेबासाठी निराळे खाते काढून त्याला पासवर्ड दिलात आणि सगळी डिस्क खुली न करता हिशेबाचे एकच फोल्डर शेअर केलेत. गटातल्या बायांच्या कर्जाचे आणि बचतीचे आकडे त्यात आहेत. ते कोणाला दिसावेत आणि कोणाला दिसू नयेत याचा विचार आपण माझ्याआधी केलात. ऑनलाइन अर्ज भरायला येणाऱ्या मुलींसाठी 'गेस्ट' वायफाय लावून दिलेत, त्यामागेही हाच विचार होता. त्यावरून इंटरनेट मिळते, घरचे संगणक मात्र दिसत नाहीत.

आमच्याकडे लाइन सारखी जाते. ती परत आल्यावर राऊटर डेस्कटॉपला नवाच पत्ता देऊ शकतो, हे ओळखून आपण मुख्य राऊटरमध्ये डेस्कटॉपसाठी १९२.१६८.१.५ हा पत्ता कायमचा राखून ठेवलात. त्यानंतर पुष्कळदा लाइन गेली आहे आणि डेस्कटॉपचा प्रिंटर लॅपटॉपवरून एकदाही हरवलेला नाही. नाव दिसले नाही तर दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट हा पत्ता लिहायचा, हेही मी आता न विचारता करते.

रविवारची आपली सुट्टी मोडून, तालुक्याहून खराब रस्त्याने मोटारसायकलवर येऊन आपण हे सगळे केलेत आणि पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. आयटीआयमध्ये आपल्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांचा मला हेवा वाटतो.

आपण बजावले होते त्याप्रमाणे डेस्कटॉपवरून बँकेचे व्यवहार बंद केले आहेत, कारण त्यावरच्या विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने (अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि तो जुना संगणक विंडोज ११ घेत नाही.

एक विनंती आहे. आमच्या प्रभागातल्या इतर ग्रामसंघांच्या हिशेबनीस बायाही पेनड्राइव्ह घेऊनच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असतात. या ग्रामसंघांच्या मिळून असलेल्या प्रभागसंघाच्या एखाद्या बैठकीला येऊन आपण त्यांना निदान तो तिसरा आकडा कसा पाहायचा एवढे दाखवाल का? दिवस आपल्या सोयीचा ठरवू. जुना राऊटर आणि केबल मी घेऊन येईन, आणि जेवण आमच्याकडेच करायचे आहे.

आपली कृतज्ञ,
ग्रामसंघाची एक हिशेबनीस
जि. यवतमाळ