काका, अठ्ठ्याऐंशी!

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्हाला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. धाकट्या ताईनं फोनवर सांगितलं, की नातवंडांनी ‘आजोबा, किती?’ असं विचारल्यावर तुम्ही टेबलावर बोटानं ठोकून उत्तर दिलंत. डा-डा-डा-डि-डि, आणि पुन्हा डा-डा-डा-डि-डि. मुलांना काही कळलं नाही, पण काकू लाजल्या म्हणे. मला लगेच कळलं: मोर्सच्या तारसंकेतात हे दोन आठ. हॅम मंडळी, म्हणजे तुमच्यासारखे हौशी रेडिओवाले, निरोप घेताना ७३ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. ८८ म्हणजे प्रेम. तुम्ही जगभरातल्या माणसांना ७३ दिलेत आणि ८८ फक्त काकूंसाठी ठेवलेत.

हे पत्र पोस्टानंही पाठवता आलं असतं. पण तुमचे आभार मला चार माणसांत मानायचे आहेत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास सोलापुरात आपली चाळ हलली, भांडी पडली, सगळे अंगणात आले. उजाडल्यावर किल्लारीचं नाव कानावर आलं, मग सास्तूरचं. माझी आत्या उमरग्याला दिलेली. बाबांनी दिवसभर फोन फिरवला, लागला नाही. आजी तुळशीपाशी बसून राहिली, तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही.

त्या दिवसापासून तुमचा वायरलेस सेट बंद झाला नाही. ठिकठिकाणचे हॅम बॅटऱ्या आणि वायरी घेऊन भूकंपाच्या गावांत जाऊन बसले होते, त्यांचे निरोप तुम्ही उतरवून घेत होतात. तुमची नोकरी तारखात्यात. ड्यूटी संपवून यायचात आणि कपडेही न बदलता कानाला हेडफोन लावायचात. औषधं, ताडपत्र्या, कोण कुठल्या दवाखान्यात, हे सगळं ऐकून तुमच्या त्या उभ्या, सुबक अक्षरात वहीत. काकू भाकरीचा घास शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून तुमच्या डाव्या हातात द्यायच्या, कारण उजवा हात लिहीत असायचा. मी बारा वर्षांचा होतो. दाराच्या चौकटीला टेकून हे बघत उभा होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वहीचं पान घेऊन आमच्या घरी आलात. आधी बाबांकडे नाही, थेट आजीपाशी गेलात. खाली बसलात आणि वाचून दाखवलंत: ‘उमरगा. चौघंही सुखरूप. भिंत पडली. मैदानात मुक्काम. काळजी नको.’ आजीनं ते पान हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. ते पान तिच्या पोथीत होतं, ती गेली तेव्हाही. आता माझ्याकडे आहे. वर कोपऱ्यात तुम्ही वेळ लिहिली आहे, आणि तीही आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागची!

त्या घड्याळाचं कोडं मला फार दिवस होतं. तुमच्या घरात दोन घड्याळं, आणि एक कायम चुकलेलं. जगभरच्या हॅमना एकच वेळ नोंदवता यावी म्हणून ते ग्रीनिचच्या वेळेवर लावलेलं असतं, हे तुम्ही नंतर समजावलंत. पुढे सगळंच समजावलंत. सात मेगाहर्ट्झवर दिवसा जवळची गावं येतात आणि अंधार पडला की लांबचे देश का ऐकू येतात. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात, तेव्हा वरच्या बँडना, म्हणजे जास्त मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांना, कसं उधाण येतं. तुमचा परवाना १९६५ चा, म्हणजे सूर्याची ही सहावी फेरी तुम्ही बघताय. ८०७ व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर उघडताना ‘एक हात खिशात’ म्हणायचात, उच्च दाबाच्या विजेचा झटका छातीतून जाऊ नये म्हणून. मी आजही एक हात खिशात घालतो.

मोर्स शिकवताना मात्र कागदाला हात लावू दिला नाहीत. ‘टिंबं मोजू नकोस. आईनं हाक मारली की तू काय अक्षरं मोजतोस?’ असं म्हणालात. मिनिटाला पाच शब्दांची परीक्षा मी पास झालो त्याला कारण हे एक वाक्य आहे.

तुम्ही या छंदात आकंठ बुडालेले होतात, तरी घर कधी बाजूला पडलं नाही. तिन्ही ताईंच्या परीक्षांत सेटवर कापड पडायचं. रविवारी सकाळी चाळीतल्या टीव्हीवर मुंग्या येऊ नयेत म्हणून मालिका सुरू व्हायच्या आत तुम्ही बंद करायचात, कोणी न सांगता. गच्चीवरचा वीस मीटर लांब डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, एका टोकाला टाकीला आणि दुसऱ्या टोकाला कडुनिंबाला बांधलेला, पण उन्हाळ्यात वाळवणं पडली की काकूंच्या सांडग्यांना आधी जागा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जायचात, लॅमिंग्टन रोडवरून जुने सुटे भाग आणायचात, आणि त्याच पिशवीत ताईंसाठी रिबिनी असायच्या. २०१३ च्या जुलैत तार बंद होणार होती तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी तुम्ही रांगेत उभे राहिलात आणि प्रत्येक नातवंडाच्या नावानं एकेक तार केलीत. मलाही एक आली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, काका. नातवंडांच्या यादीत मला धरलंत, त्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत.

ताई सांगत होती की बोललेलं तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही, फोनही नको म्हणता. पण मोर्सचा सूर अजून कानात शिरतो ना? मग येत्या रविवारी सकाळी सात वाजता चाळीस मीटरवर, म्हणजे त्याच सात मेगाहर्ट्झवर या. नाशिकहून मी असेन. हळू पाठवीन, घाईनं नाही. आधी तुम्हाला ७३. मग काकूंना जवळ बोलवा. त्यांच्यासाठी आजीचा नमस्कार माझ्याकडे बाकी आहे.

तुमचाच,
चौकटीला टेकून उभा राहणारा पोर