यादीत नाव नाही, म्हणून नकाशातही जागा नाही : ब्रिटनच्या निवडणूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री (निवडणुका व लोकशाही),
गृहनिर्माण, समुदाय व स्थानिक शासन मंत्रालय, लंडन.

स. न. वि. वि.

यंदाच्या मे महिन्यात लंडनच्या बरो (शहरातील स्थानिक कारभाराचा विभाग) निवडणुकीत मी रात्रपाळी संपवून थेट मतदान केंद्रावर गेले. ओळखपत्र म्हणून कायद्याने चालणारा भारतीय पासपोर्ट माझ्या हातात होता, आणि तेथील कर्मचाऱ्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहून माझे नाव तीत नसल्याचे सांगितले. घर बदलल्यावर मी लगेच नव्या पत्त्यावर नोंदणीचा अर्ज केला होता. संबंधित कार्यालयाने व्हिसाची कागदपत्रे मागितली, ती मी दिली. पुन्हा मागितली, पुन्हा दिली. आणि मुदतीच्या बरेच आधी 'आपले नाव यादीत समाविष्ट केले जाईल' असे त्यांनी मला लेखी कळवले. लेखनातील चूक असेल तर ती मतदानाच्या दिवशी रात्री नऊपर्यंत दुरुस्त करता येते, हा नियम मला माहीत होता, म्हणून मी केंद्राबाहेरूनच फोन केला. उत्तर मिळाले की ही लेखनातील चूक नाही, अर्जच अपूर्ण होता. अर्ज अपूर्ण असताना लेखी आश्वासन कसे दिले गेले, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मी मूळची साताऱ्याची, लंडनच्या एका रुग्णालयात काम करते. येथे आल्यापासून मी कर भरते आणि भाड्याच्या घरात राहते. भाड्याच्या घरात राहणे म्हणजे काय, हे आपल्या खात्याला वेगळे सांगायला नको, कारण गृहनिर्माणही आपल्याच मंत्रालयाकडे आहे. कारण न देता घर खाली करायला लावण्याचा घरमालकांचा अधिकार आपल्या सरकारने अलीकडे काढून घेतला, पण तोपर्यंत त्या अधिकाराने मला ऐन हिवाळ्यात सामान हलवायला लावले होते. प्रत्येक घराबरोबर बँक, दवाखाना, कौन्सिल कर (स्थानिक पालिकेचा कर) असे सगळ्यांचे पत्ते बदलावे लागतात. कौन्सिल कराची मागणी नव्या पत्त्यावर पहिल्याच महिन्यात अचूक येते. मतदारयादीपर्यंत मात्र माझा पत्ता पोहोचत नाही. कर घेणाऱ्या यंत्रणेला मी सापडते आणि मत मोजणाऱ्या यंत्रणेला सापडत नाही, हे मला अपमानास्पद वाटते.

हे पत्र मराठीत प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये वैध वास्तव्य असेल तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते, आणि भारतीय पासपोर्टवर येथे राहणाऱ्या आमच्यातील अनेकांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

पण माझे एक मत गेले, एवढ्यासाठी मी आपल्याला लिहिले नसते. यादीत नसलेला माणूस फक्त मतदानाच्या दिवशी गैरहजर नसतो. मतदारसंघांच्या सीमा आखतानाही तो हिशेबात नसतो. 2023 च्या फेररचनेत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या चार सीमा आयोगांनी मिळून 650 मतदारसंघ आखले, ते 2 मार्च 2020 रोजी यादीत असलेल्या नावांच्या आधारे. दर मतदारसंघाची सरासरी 73,393 धरली गेली, आणि आइल ऑफ वाइटचे दोन मतदारसंघ व आणखी तीन बेटांचे असे पाच अपवाद सोडले, तर जवळपास प्रत्येक मतदारसंघ 69,724 ते 77,062 या मर्यादेत बसवण्याची सक्ती कायद्याने केली. यात कोठेही लोकसंख्या मोजलेली नाही, मतदानास पात्र माणसेही मोजलेली नाहीत. मोजली आहेत ती केवळ नावे. मग ज्या भागात भाडेकरू, तरुण आणि परदेशातून आलेले लोक जास्त, त्या भागाचे राजकीय वजन आपोआप कमी भरते.

निवडणूक आयोगाच्या 2023 च्या अभ्यासात मतदारयाद्या 86 टक्केच पूर्ण असल्याचे आढळले, म्हणजे सुमारे 80 लाख पात्र माणसे एक तर यादीतच नाहीत किंवा योग्य पत्त्यावर नाहीत. स्वतःच्या कर्जमुक्त घरात राहणाऱ्यांपैकी 95 टक्के यादीत होते, खासगी भाडेकरूंपैकी केवळ 65 टक्के. दर तीन भाडेकरूंमागे एक माणूस नकाशावरून पुसलेला आहे.

या अन्यायाचे वय किती हे पाहायचे असेल, तर मंत्रिमहोदय, आपल्या कार्यालयापासून फार दूर जायची गरज नाही. फिन्सबरी हा मतदारसंघ 1832 च्या सुधारणा कायद्याने दोन जागांसाठी निर्माण झाला. त्याचे एक खासदार थॉमस डनकोम्ब यांनी मे 1842 मध्ये चार्टिस्टांचा (मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगारांचा) 33 लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे ठेवला. चार्टिस्टांच्या सहा मागण्यांपैकी एक होती समान आकाराच्या मतदारसंघांची, आणि तिच्या जोडीला प्रत्येक प्रौढ पुरुषाच्या मताची. आपल्या कायद्याने पहिली मागणी घेतली आणि तिच्यामागचा विचार सोडून दिला. समान मतदारसंघ म्हणजे समान माणसांचे मतदारसंघ, असे ते कामगार समजत होते.

पुढे 1885 च्या फेरवाटपात फिन्सबरीचे तुकडे झाले आणि क्लार्कनवेलच्या भागाचा मध्य फिन्सबरी हा एका जागेचा मतदारसंघ तयार झाला. एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असे आपल्याला वाटत नाही, असे पंतप्रधान सॉल्सबरी यांनी 1888 मध्ये ज्यांच्याविषयी म्हटले, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 मध्ये याच मध्य फिन्सबरीतून निवडून आले. पाच मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले आणि फेरमोजणीत ते मताधिक्य तीनवर आले : 2,959 विरुद्ध 2,956. (त्यांच्यामागोमाग 1895 मध्ये बेथनल ग्रीनमधून मंचरजी भावनगरी आणि 1922 मध्ये बॅटरसीतून शापुरजी सकलातवाला संसदेत गेले. तिघेही मुंबईशी जोडलेले. आम्हा मराठी घरांतील मुलांना यातील फार तर पहिले नाव शाळेत कळते.)

तीन मते. आणि त्या वेळी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मत कसे मिळत होते? सामानसुमान वगळून वर्षाला किमान 10 पौंड भाडे असेल, त्याच जागेत सलग बारा महिने वास्तव्य असेल, आणि दर वर्षी नव्याने दावा दाखल केला असेल, तरच. जागा बदलली की हक्क गेला. स्त्रियांना तर दाव्याचाही अधिकार नव्हता. दादाभाईंच्या बाजूचे किंवा विरुद्ध बाजूचे किती खोलीकरी या नियमांमुळे गळाले असतील, याचा विचार मी अनेकदा करते, कारण तीन मतांच्या फरकात एका चाळीएवढी माणसेसुद्धा इतिहास फिरवू शकतात. आज बारा महिन्यांची अट नाही, 10 पौंडांची नाही, मी स्त्री असूनही अर्ज करू शकते, आणि तरीही घर बदलले की मी गळते. एकशे तीस वर्षांहून अधिक काळानंतर आपल्या व्यवस्थेने भाडेकरूला इतकेच पुढे आणले आहे.

मध्य फिन्सबरी 1918 मध्ये संपला. मग फिन्सबरी एकटा, 1950 पासून शोरडिचबरोबर, आणि 1974 पासून इस्लिंग्टनच्या दक्षिण भागाबरोबर, अशी त्याची बांधणी बदलत गेली. पण मताधिक्याची कमतरता त्याने सोडली नाही. 1983 मध्ये इस्लिंग्टन दक्षिण व फिन्सबरीचा निकाल 363 मतांनी लागला, 2005 मध्ये 484 मतांनी. 1983 मध्ये तेथे हरलेले जॉर्ज कनिंगहॅम यांनीच 1978 मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देण्यावरील सार्वमतासाठी अट घातली होती की, यादीतील एकूण मतदारांपैकी किमान 40 टक्क्यांनी होकार दिला पाहिजे. 1979 मध्ये मत देणाऱ्यांपैकी 51.6 टक्के लोकांनी होकार दिला, तो यादीच्या हिशेबात 32.9 टक्के भरला, आणि स्कॉटलंडची विधानसभा वीस वर्षे लांबली. यादी कशी आहे यावर एका देशाचे भवितव्य ठरले, हे आपल्या खात्याच्या फायलींत असेलच.

आता 2024 कडे या. इस्लिंग्टन दक्षिण व फिन्सबरीमध्ये यादीतील नावे कमी पडत होती, म्हणून शेजारच्या हॅकनी बरोमधील डी बोव्हॉर वॉर्ड त्यास जोडण्यात आला. इस्लिंग्टन हा इंग्लंडमधील सर्वांत दाट वस्तीच्या भागांपैकी एक आहे. तेथे माणसांची टंचाई नाही, नावांची आहे. तेथील सगळे रहिवासी मतदानास पात्र नाहीत, युरोपातून आलेल्या अनेकांना संसदेसाठी मत नाही, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतो. मी राहते तो वॉर्डही त्याच फेररचनेत बरोची हद्द ओलांडून गेला, म्हणून मला ठाऊक आहे की कौन्सिल एकीकडे आणि खासदार दुसरीकडे झाल्यावर साध्या ओल्या भिंतीच्या तक्रारीसाठी दोन दारे ठोठवावी लागतात, आणि दोन्ही दारांवरची माणसे आपल्याला तिसरे दार दाखवतात. नावे भरून काढण्यासाठी वॉर्ड हलवले जातात. त्याच वॉर्डांतली राहून गेलेली माणसे नोंदवण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

जुलै 2025 मध्ये आपल्या सरकारने मतदारनोंदणी हळूहळू स्वयंचलित करण्याचे वचन दिले. मला ते वाचून खरोखर आनंद झाला होता. वेल्सने 2024 च्या कायद्याने स्थानिक व सेनेड (वेल्सचे विधिमंडळ) निवडणुकांसाठी ती वाट मोकळी केलीसुद्धा. पण माझ्या दारापर्यंत अजून काहीही आलेले नाही, आणि 'हळूहळू' या सवलतीत किती निवडणुका मावतील हे कोणी सांगत नाही. 16 वर्षांच्या मुलांना मत देण्याची घोषणा आपण मोठ्या आवाजात केलीत. मी त्या बाजूची आहे. परंतु जी माणसे आधीच पात्र आहेत त्यांना यादीत आणण्याचे काम आवाज न करता होणारे आहे, म्हणून ते मागे पडते, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

आणि ते मागे पडण्यात कोणाचे नुकसान आहे? सत्तेवर आलेल्या कोणत्याच पक्षाचे नाही. 2024 मध्ये आपल्या मजूर पक्षाने 33.7 टक्के मतांवर 411 जागा मिळवल्या आणि देशातील सुमारे 40 टक्के नोंदणीकृत मतदार घरीच राहिले. त्या 40 टक्क्यांत, नोंदच नसलेले आम्ही धरलेले नाही. जी व्यवस्था एवढ्या थोड्या लोकांच्या होकारावर एवढी मोठी सत्ता देते, तिला यादी पूर्ण करण्याची घाई का असावी? 1969 मध्ये गृहमंत्री कॅलाहन यांनी स्वतःच मांडलेले मतदारसंघांच्या नव्या सीमांचे आदेश स्वपक्षीयांकडून फेटाळून घेतले, 2013 आणि 2018 च्या दोन फेररचना खर्च होऊनही बासनात गेल्या, आणि 2020 च्या कायद्याने हे आदेश संसदेच्या मताविना अमलात येऊ लागले. खासदारांचा स्वार्थ त्यातून काढला, ते योग्यच झाले. पण ज्या यादीवर सगळा हिशेब उभा आहे, ती अपुरीच ठेवून त्या हिशेबाला निष्पक्ष म्हणणे मला मान्य नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. पुढील फेररचनेचा अहवाल 2031 मध्ये द्यायचा आहे. तीसाठी नावांची मोजणी होण्यापूर्वी स्वयंचलित नोंदणी कायद्याने आणि प्रत्यक्षात लागू करावी, आणि ते शक्य नसेल तर त्या फेररचनेपुरता जनगणनेतील पात्र प्रौढांचा आधार घ्यावा. कौन्सिल कराच्या नोंदीत पत्ता बदलला की मतदारयादीतही तो बदलावा. ज्याच्या हातात नोंदणी कार्यालयाचे लेखी आश्वासन आहे, त्याला मतदानाच्या दिवशी तात्पुरते मत नोंदवू द्यावे आणि त्याची शहानिशा मोजणीआधी करावी.

मला सहानुभूतीचे छापील उत्तर पाठवू नये. पुढील फेररचनेसाठीची मोजणी स्वयंचलित नोंदणीच्या आधी होणार की नंतर, एवढे तारखेसह लेखी कळवावे. ते उत्तर मी याच ठिकाणी, याच भाषेत, जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.

आपली,
लंडनमधील एक भाडेकरू आणि पात्र मतदार